बिट्टूचा मुक्काम

चौदा वर्षांचा आमचा कुत्रा, बिट्टू, आता घरातच लघवी करायचा. औषधं झाली, दर दोन तासांनी खाली नेऊन झालं, फिनेलने माझे हात सोलवटले. शेवटी निलेशने ठरवलं, रविवारी त्याला किलवणीला नथूभाईंच्या वाडीवर सोडायचं.

शनिवारी सकाळी सासऱ्यांच्या पलंगाशी पुन्हा ओलं. मी बिट्टूवर ओरडले, तसे अप्पा मान खाली घालून म्हणाले, "त्याला नको बोलूस. माझ्याकडून झालं ते. रोजचंही माझंच असतं."

अप्पा सिल्वासाच्या मराठी शाळेचे हेडमास्तर होते. खोटं बोलणाऱ्या पोरांना अंगठे धरून उभं करायचे. निलेशने गुपचूप मोठ्यांचे डायपर आणून दिले. किलवणीचा विषय तिथेच संपला.

फरशी अजूनही ओली होते. "सैल बसतो गं तो," अप्पा म्हणतात.

आज कचऱ्याची पिशवी फाटली. जुन्या पेपरात गुंडाळलेले कालचे तिन्ही डायपर बाहेर पडले. तिन्ही कोरडे.

निलेशला म्हटलं, "सैलच बसतात त्यांना. येताना एक साइज लहान आण."