घोंगडीचं टोक

स्वरूपनं वर्गातल्याच विराज या मुलाला लिहिलेली प्रेमाची चिठ्ठी दहावीच्या वर्गात वाचली गेली, तेव्हापासून त्याच्या बाकावर कुणी बसेना. शाळेच्या नाटकात बाईंनी त्याला मेंढपाळ केलं. एका घोंगडीत त्याच्यासोबत थंडी काढणारा दुसरा मेंढपाळ हनुमंत. पण तालमीत तो घोंगडीचं टोक चिमटीत धरून हातभर लांब बसायचा. “लांबनंच बोल,” म्हणायचा. स्वरूप घरी गोठ्यात दोघांचीही वाक्यं एकटाच घोकायचा; सगळं नाटक त्याला तोंडपाठ. भोरच्या स्पर्धेत प्रयोग रंगला, टाळ्या पडल्या. वेल्ह्याला परतताना टेम्पोत पोरं पुढं दाटीवाटीनं बसली; मागं फाळक्याशी घोंगडी पांघरून स्वरूप एकटा. नसरापूर सुटल्यावर वारं झोंबू लागलं. हनुमंत उठून मागं आला, घोंगडीत शिरत नाटकातलंच वाक्य बोलला, “सरक की गड्या, थंडी काय तुला एकट्यालाच हाय?” पुढचं वाक्य स्वरूपचं होतं. काही केल्या आठवेना.