हृदयाच्या तीन चौकटी

यामिनीचं नवं यांत्रिक हृदय सकाळपासून मंदावलं होतं. तिला चक्कर येत होती, म्हणून मुकुंदानं हेल्पलाइनला फोन लावला.

"हृदयाच्या फॉर्ममध्ये मिनिटाचे ठोके किती भरलेत, काका?" पलीकडच्या मुलीनं विचारलं.

"बहात्तर. चौकटी तीन, म्हणून पुढे शून्य."

"शून्य पुढे असलं की यंत्र दहाऐवजी आठाच्या हिशेबानं वाचतं. सात आठे छप्पन्न, वर दोन. अठ्ठावन्न झाले."

"मग शून्य काढतो."

"रिकामी चौकट फॉर्म घेत नाही. शून्य ठेवलं तर जास्तीत जास्त त्रेसष्ट, नाहीतर थेट शंभर."

मुकुंदानं दोन्ही आकडे यामिनीला सांगितले. त्यानं बायकोकडे पाहिलं.

"शंभर टाका," ती डोळे मिटून म्हणाली. "बसल्या जागी जिना चढेन. पण यापुढे माझ्याशी वाद घालायचा नाही."

मुकुंद वाद घालणारच होता. त्यानं मुकाट्यानं शंभर टाकले.