रविवारची दुरुस्ती

"मशीन पुन्हा अडलं," सुनेने आतूनच सांगितलं आणि ओले हात पुसत ती बाहेर आली. सकाळचे अकरा वाजले होते. दोन चादरी, नवऱ्याचे शर्ट आणि मुलीचा गणवेश साबणाच्या पाण्यात बुडून बसले होते.

नवऱ्याने वर्तमानपत्रातून डोकं वर काढलं. "सलग चौथा रविवार. मेकॅनिकला बोलावू का?"

"कशाला? मी बघते."

पहिल्यांदा मशीन अडलं तेव्हा मेकॅनिक आला होता. त्याने खालचं झाकण उघडून फिल्टरमधून मुलीच्या शर्टाचं बटण काढून दाखवलं. "ताई, एवढ्यासाठी मला बोलवू नका. तुम्हालाही जमेल," असं म्हणून तो गेला. तिने ते चांगलंच मनावर घेतलं होतं.

परात, जुना टॉवेल आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन ती मागच्या गॅलरीत गेली आणि तिने दार ओढून घेतलं. ती दुरुस्तीला बसली की तिला हाक मारायची नाही, हे आता घरात सगळ्यांना ठाऊक होतं. एकदा मुलगी वही शोधत मध्येच दार उघडून आली आणि साबणाचं पाणी पार सोफ्याखाली गेलं. तेव्हापासून सगळे वचकून होते.

ती भिंतीला पाठ टेकून फरशीवर बसली. फरशी गार होती, बरं वाटत होतं. थोडा वेळ तिने काहीच केलं नाही. आठवडाभर दवाखान्याच्या खिडकीत बसून ती लोकांची नावं, वयं आणि तक्रारी लिहून घ्यायची. घरी आल्यावर मोजे, चार्जर, नेलकटर, सगळ्यांचा पत्ता तिलाच विचारला जायचा. हल्ली झोपून उठली तरी ती दमलेलीच असायची.

मग तिने झाकण अर्धा फेरा सैल केलं. त्याहून जास्त ती कधी फिरवत नसे. बारीक धारेने पाणी परातीत पडू लागलं. परात भरली की झाकण आवळायचं, पाणी मोरीत ओतायचं आणि पुन्हा बसायचं. तीन पराती झाल्या. मग तिने फिल्टर बाहेर ओढला. थोडे धागे, केसांचा गुंता आणि एक निळं बटण. तिने जुन्या ब्रशने फिल्टर घासला, रबराची कड पुसली, सगळं जागच्या जागी बसवलं आणि कळ दाबली.

मशीन घुरघुरलं आणि फिरायला लागलं. तिला मनापासून समाधान वाटलं. आठवडाभरात तिने हातात घेतलेलं आणि पुरं झालेलं असं हे एकच काम होतं.

ती बाहेर आली तेव्हा तास उलटून गेला होता. सासूबाई खिडकीशी बसून गणवेशाच्या दुसऱ्या जोडाची उसवलेली शिवण घालत होत्या. मांडीवर बटणांची पत्र्याची डबी होती.

"निळं का?" सुनेच्या तळहाताकडे बघत त्या म्हणाल्या. "माझ्याच डबीतलं. शिवताना राहिलं असेल एखाद्या खिशात."

दर वेळी त्या हेच म्हणायच्या.

नवऱ्याने वर्तमानपत्राची घडी घातली. "आई, आज बटण आहे, उद्या गॅस चालू राहील. आम्ही दोघं दिवसभर बाहेर असतो. मी दादाशी बोललोय. तो दुपारी तुला न्यायला येतोय."

सासूबाईंनी दोरा दाताने तोडला. "दादाचं घर चौथ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. माझ्या या गुडघ्यांनी एकदा वर गेले की पुन्हा काही मी खाली उतरत नाही."

"तिथे वहिनी दिवसभर घरी असते."

"असते खरी," त्या म्हणाल्या. "टीव्हीसमोर."

नवऱ्याने बायकोकडे पाहिलं. "तुला काय वाटतं?"

सुनेने मूठ मिटली. सासूबाई तिच्याकडे बघत होत्या. तिला काहीतरी बोलायचं होतं, पण एकदा तोंड उघडलं की कुठवर बोलत जावं लागेल, याचाच तिला शीण आला.

"मी काय सांगू?" ती म्हणाली आणि कपडे वाळत घालायला गेली.

दुपारी सासूबाईंनी स्वतःच बॅग भरली. नातीला सांगितलं, बुधवारी चित्रकलेची परीक्षा आहे, रंगपेटी दुसऱ्या कप्प्यात आहे. मुलाला सांगितलं, तुझ्या गोळ्या परवा संपतील, आणून ठेव. गॅसचं बटण बंद असल्याचं त्यांनी त्याला हाताला धरून नेऊन दाखवलं. तो जरा वरमला, पण तोवर खाली गाडीचा हॉर्न वाजला. बॅग उचलून तो जिना उतरू लागला आणि मुलगी आजीची उशी घेऊन त्याच्यामागे धावली.

दारात दोघीच उरल्या. सुनेने सासूबाईंचा हात धरला आणि तिला एकदम रडू आलं.

"आई, जपून राहा."

सासूबाईंनी हात सोडवून घेतला, पिशवीतून बटणांची डबी काढली आणि सुनेच्या हातात ठेवली.

"अहो, ही कशाला? तुम्हाला लागेल तिकडे."

जिन्यातले पावलांचे आवाज खालपर्यंत पोचू देऊन सासूबाई हळूच म्हणाल्या, "असू दे गं. नाहीतर पुढच्या रविवारी मशीनमध्ये काय टाकशील?"