दीड थाऊची फट

“किती ठेवू?” लेथवाल्यानं विचारलं.

“दीड.”

लेथवाल्यानं मशिन बंद केलं. “उस्ताद, चेष्टा करताय का? चार लागते. दीड थाऊवर जाम होईल की पिस्टन.”

थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. जुना सिलिंडर झिजला की तो आतून कोरून मोठा करतात आणि त्यात मोठ्या मापाचा पिस्टन घालतात. पण पिस्टनभोवती केसाएवढी फट सोडावी लागते, कारण तापला की तो फुगतो. फुगायला जागा नसली तर सिलिंडरला चिकटतो. इंजिन जागच्या जागी बसतं, मागचं चाक अडकतं आणि वरचा माणूस रस्त्यावर आपटतो. मिस्त्रीला हे चाळीस वर्षं ठाऊक होतं. लेथवाल्यालाही त्यानंच शिकवलं होतं.

“हा पिस्टन वेगळ्या धातूचा आहे. कमी फुगतो,” मिस्त्री म्हणाला.

“असं असतं होय?”

“मी सांगतोय ना.”

“मग झालं.” लेथवाल्यानं मशिन सुरू केलं. उस्तादावर शंका घ्यायची त्याची टाप नव्हती.

मोटरसायकल जावयाची होती, त्याच्या आजोबांच्या वेळची. रविवारी जुन्या गाड्यांची रॅली होती. दोनशे किलोमीटर, सगळा मोकळा रस्ता. जावयाला सगळ्यांच्या पुढं राहायचं होतं. चारचौघांत तो बायकोला ‘मॅडम’ म्हणायचा. घरी गेला की दार लावून तुडवायचा.

तीन वर्षांपूर्वी लेक फुटका ओठ घेऊन, बॅग घेऊन बापाकडं आली होती. मिस्त्रीनं तिला चहा पाजला, नवराबायकोत होतं असं कधीमधी, म्हणून शहाणपण शिकवलं आणि दिवस मावळायच्या आत स्वतः परत नेऊन सोडलं. वर जावयाचीच माफी मागितली. तेव्हापासून तिनं काही सांगणं सोडलं.

गेल्या महिन्यात आली तेव्हा तिला डाव्या हातानं कपही उचलेना.

“पडले, बाबा.”

“किती वेळा पडतेस गं?”

“जमीनच वाईट आहे तिथली.”

ती गेल्यावर मिस्त्रीनं मोरीत जाऊन स्वतःच्या थोबाडीत मारून घेतल्या. आठवडाभरानं जावई गाडी ढकलत गॅरेजच्या दारात आला. “मामा, एक नंबर काम पाहिजे हां.”

“एक नंबरच करतो,” मिस्त्री म्हणाला.

एरवी तेल लावलेला सिलिंडर पिस्टनवर आपल्या वजनानं उतरायचा. हा तळहातानं दाबावा लागला. मिस्त्रीचे हात नको नको म्हणत होते. त्यानं हातांचं ऐकलं नाही. नव्या पिस्टनची गाडी पहिले पाचशे किलोमीटर चाळिसाच्या वर न्यायची नाही, असं कागदावर लिहून तो प्रत्येक गिऱ्हाइकाच्या टाकीवर चिकटवायचा. या टाकीवर कागद चिकटवला नाही. पुसून चकचकीत केली.

शनिवारी दुपारी दोघं चालत आली. घर दोन गल्ल्या सोडूनच होतं. एवढ्या उकाड्यात लेकीच्या बाह्या मनगटापर्यंत होत्या.

एका किकमध्ये इंजिन सुरू झालं. जावयानं मान डोलावली. “मामा, तुमच्या हातात जादू आहे. तुमच्या पोरीच्या हातात तेवढी उतरली नाही. साधा भात करपवते.”

“गाड्या मात्र चालवायची,” मिस्त्री म्हणाला. “लग्नाआधी ट्रायल मारायला तीच असायची.”

“ते सोडवलं मी,” जावई हसला.

लेक हसली नाही. ती गाडीभोवती एक चक्कर मारून आली. मग म्हणाली, “बाबा, लांबचा पल्ला झेपेल ना हिला?”

मिस्त्रीला सणक आली. अजून काळजी! हाडं मोडून घेतली तरी नवऱ्याची काळजी!

“बिनधास्त,” तो म्हणाला. “कितीही पळवा.”

“मध्ये कुठं थांबवावी लागणार नाही ना?”

“अजिबात नाही.” लेकीच्या डोळ्यांत बघून एवढं सरळ खोटं तो आयुष्यात पहिल्यांदा बोलला. मग जावयाकडं वळला. “एक मात्र पाळा. नव्या पिस्टनवर मागं कुणी बसवायचं नाही. हिला तर मुळीच नाही.”

“हिला कोण नेतंय!” जावई म्हणाला आणि गाडी काढून गेला. लेक मागून चालत निघाली. गल्लीत काही होणार नव्हतं. तापायला मोकळा रस्ता लागतो.

कोपऱ्यावर ती थबकली, वळून बापाकडं बघितलं आणि हात हलवला. डावाच. आता वर जात होता.

रविवारी आठला रॅली सुटणार होती. मिस्त्री सहापासून फोन समोर घेऊन बसला. चहा केला, प्यायला नाही. बातमी लेकीचीच येणार, ती रडत असणार, आपण काय बोलायचं हे त्यानं घोकून ठेवलं होतं. आता तिला कुठंच परत नेऊन सोडायचं नव्हतं. वरची खोलीही त्यानं झाडून ठेवली होती.

सव्वाआठला फोन वाजला.

“मामा!”

आवाज जावयाचा होता. ठणठणीत.

“तिला फोन द्या. तुमच्याकडंच आलीय ना?”

“कोण?”

“नाटकं करू नका! कपाट रिकामं आहे, बॅग नाही. मी आंघोळीला गेलो आणि बाईसाहेब पसार.”

मिस्त्रीला हसू फुटलं. सुटली पोर. बापाला न विचारता सुटली, तेच बरं केलं. “माझ्याकडं नाही आली,” तो म्हणाला. “आली तरी आता देणार नाही. काय करायचं ते करा.”

“तिला घाला चुलीत! माझी गाडी कुठंय ते सांगा आधी. पंपावरच्या पोरांनी बघितलंय तिला. टाकी फुल केली आणि हायवेला लागली, नव्वदच्या खाली येतच नव्हती म्हणे.”