फिरवलेली खुर्ची

पेगीनं खुर्ची उचलली, उलटी फिरवली आणि नेथनकडे पाठ करून बसली.

आदिवासींच्या वारशाच्या जागा राखायचा नवा कायदा येणार होता. लोकांचं म्हणणं ऐकायला सरकारनं नेथनला अ‍ॅलिस स्प्रिंग्जहून ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातल्या या वस्तीत पाठवलं होतं. बायकांच्या पवित्र पाणवठ्याबद्दल बोलायचा हक्क एकट्या पेगीचा. ती नाही म्हणाली तर पाणवठा कायद्याबाहेर, आणि खाणवाले टपलेलेच.

मागच्या खेपेला हीच पेगी त्याच्या समोर बसली होती. निखाऱ्यात भाजलेली भाकरी तिनं स्वतः मोडून दिली. "रंग आमचा, पण पाय शहराचे. लगेच सावली शोधतोस," म्हणाली. नेथन तिला मावशी म्हणू लागला.

मग वस्तीतल्या वडीलधाऱ्या क्लॅरीकाकांनी विचारलं, "तुझी आई कुणातली रे?"

तिला लहानपणी सरकारी गाडीनं इथूनच कुठून तरी उचलून नेलं होतं. ती गोऱ्यांच्या घरात वाढली आणि दोन वर्षांपूर्वी वारली. सांगता सांगता नेथननं तिचं नाव घेतलं, आजीचंही घेतलं. गेलेल्या माणसाचं नाव इथं कुणी घेत नाही, हे त्याला नंतर आठवलं. पेगी उठून बायकांत जाऊन बसली.

जीभ चावून काय उपयोग! आपलं असं माणूस मिळता मिळता आपणच घालवलं, या विचारानं त्याला पुढं झोप गोड लागली नाही.

म्हणून आज येताना त्यानं कांगारूच्या शेपट्या आणल्या होत्या. सगळ्यात जाड शेपटी पेगीनं नातीकरवी, तानियाकरवी, मागून घेतली. माणूस नको, पण मांस चालतं!

बैठकही तशीच झाली. नेथननं विचारायचं, तानियानं ते दहा पावलांवर नेऊन सांगायचं आणि उत्तर घेऊन परत यायचं. मध्येच दुकानाकडून एक म्हातारी येताना दिसली, तसे क्लॅरीकाका भरल्या सभेतून उठून शेडमागे पळाले. बायका खुदखुदल्या. नेथनला हसू आलं नाही.

काका परतल्यावर तो म्हणाला, "माझ्या जागी दुसऱ्या कुणाला तरी पाठवतो. मावशींचा राग माझ्यावर आहे, पाणवठ्याला त्याची शिक्षा नको."

काकांनी तानियाला हाक मारून ते पेगीला कळवायला सांगितलं. तिकडे पेगी बराच वेळ बोलत राहिली. तिनं पदरासारखा धरलेला रुमाल डोळ्यांना लावला, तेवढं पाठीमागूनही कळलं.

तानिया परत आली. "आजी म्हणते, आतली गोष्ट बायकांची, ती सांगणार नाही. पण जागा कुठून कुठवर ते सांगेन, आणि लिहिणारा हाच हवा. दुसरा आला तर तोंड उघडणार नाही."

नेथन काकांकडे वळला. "मग त्या माझ्याकडे बघत का नाहीत?"

"मी मघाशी शेडमागे का पळालो?" काका म्हणाले. "तुझी आई कुणातली ते त्या नावांवरून कळलं, त्याच दिवशी तू कुणाचा कोण ते ठरलं. तिला आता मावशी म्हणू नकोस."

त्यांनी नेथनच्या खांद्याला धरून त्याचीही खुर्ची उलटी फिरवली.

"लग्न असो नसो, आईच्या कुळावरून तू नात्यानं तिचा जावई लागतोस, बाळा. आणि आमच्यात जावयानं सासूचं तोंड बघायचं नसतं."