चाक तुटलेली बॅग
थोरला एका कंपनीच्या विमानातून बॅगा उतरवायचा, त्याचा सख्खा धाकटा भाऊ दुसऱ्या कंपनीच्या विमानात त्या चढवायचा. मोडकी बॅग जो ताब्यात घेईल, खापर त्याच्या डोक्यावर. म्हणून धाकट्यानं एक निळी बॅग लाथेनं परत सरकवली. “चाक तुटलंय. मी घेणार नाही.” “माझ्याकडून उतरली, आता तुझी!” थोरला ओरडला. “आईला ठेवून घ्यायच्या वेळीही हेच म्हणालास!” धाकटा उसळला. थोरल्यानं त्याच्या मुस्काटात सणसणीत भडकावली. धाकट्यानं लोखंडी दांडा उचलून थोरल्याच्या गुडघ्यावर हाणला. हाड कडकन मोडलं. पडता पडता थोरल्यानं त्याचं डोकं बॅगेवर आपटलं. झाकण फुटलं आणि नाकातलं रक्त आतल्या हिरव्या स्वेटरवर सांडलं. धाकटा थिजला. “दादा, हा आईचा स्वेटर.” टॅगवर आईचं नाव आणि जायचं ठिकाण, ताईचं शहर. धाकटा बॅगा चढवत होता त्याच विमानाच्या खिडकीतून आई बघत होती. तिनं झडप खाली ओढली.