फिरत्या घराचा नळ

२००३ साली उचगावच्या शेडमध्ये मी एका जुन्या बसचं फिरतं घर केलं. चार महिने त्यातच राबलो, त्यातच डबा खाल्ला, दुपारी त्यातल्याच पलंगावर आडवा झालो. बसचे मालक आणि त्यांच्या घरच्या वहिनी बघायला आले की म्हणायचे, "पावणं, झक्कास केलंय की!"

गाडी न्यायच्या दिवशी आत पूजा झाली. नारळ देताना मालकांनी पहिल्यांदाच माझं पूर्ण नाव विचारलं.

"बुद्धभूषण कांबळे."

मग काय कुठं आहे ते दाखवायला मी पायरीवर पाय ठेवला, तर वहिनी दारात आडव्या आल्या. "आत देव मांडल्यात. तिथनंच सांगा की."

मी उन्हात उभा राहून ओरडून सांगितलं. बॅटरी पलंगाखाली, गॅसचा कॉक ओट्यामागं, संडासाच्या टाकीचा दांडा मागच्या चाकाजवळ, पाण्याच्या पंपाचं बटण बेसिनच्या डाव्या अंगाला.

"आलं बघा पाणी!" आतून मालक ओरडले.

ओरडून माझा घसा सुकला होता. मी घोटभर पाणी मागितलं. मीच बसवलेल्या नळाखाली तांब्या भरून वहिनी दारात आल्या.



त्यांनी तांब्या उंच धरला, आणि माझ्या हातांची आपोआप ओंजळ झाली.